गुरुवार मंडळ

"नवरा तापानं फणफणला होता तेव्हा मी इतक्यांदा उठले नाही, जितक्यांदा आमचे आण्णा त्या डब्यासाठी उठतात. डबाच की तो. पत्र्याचा डबा."

पोह्यांच्या रांगेत माझ्या मागं उभी असलेली बाई स्वतःशीच पुटपुटत होती. स्वतःशीच, पण पुढच्याला ऐकू जाईल इतपत. मी वळून बघितलं. चाळिशीच्या अलीकडं-पलीकडं, चांगली पण बॅगेत चुरगळलेली साडी, हातात कागदी बशी, आणि नजर थेट सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला. तिकडं श्रीपाल आण्णा उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवून एकट्या डाव्या हातानं खिडकीच्या गजाला दोरी बांधायला बघत होते.

"तुम्ही आण्णांची त्रिशला का?" मी विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"नाकावरून."

ती हसली. हसायचं ठरवलं नव्हतं, पण हसली. "नाक तेवढं सारखं आलंय. आणि ऐकायचं नाही, हे."

"कुणी? तुम्ही का त्यांनी?"

"दोघांनीही," ती म्हणाली आणि वाढणाऱ्यापुढं बशी धरली. "जरा लिंबू जास्त द्या हो."

ही गोष्ट जुनी झाली आता. तेव्हा इचलकरंजीत दर वर्षी संक्रांत सरली की एका रविवारी आमचा मेळा भरायचा. सूतगिरणीचं कामगार सभागृह आण्णांच्या ओळखीनं मिळायचं. यायचे कोण, तर वेबसाइट बनवणारे, मराठी फॉन्टांच्या मागं लागलेले, इंटरनेटवरच्या, कुणीही भर घालावी अशा नकाशात आपल्या गल्लीतला आड आणि मारुतीचं देऊळ नेऊन बसवणारे, दोन-तीन शिक्षक, मोबाइल दुरुस्तीवाला इम्तियाज मोमीन, आणि मी, पद्मजा मगदूम, लग्नपत्रिकांचा मजकूर छपाईसाठी जुळवून देणारी. माझं शिक्षण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला थांबलं. लग्न ठरलं, त्या वर्षी पत्रिका छापून घ्यायला प्रेसमध्ये गेले, आणि पुढं आयुष्यभर दुसऱ्यांच्याच छापत बसले. कॉम्प्युटरचं म्हणाल तर जे काही येतं ते ओसरीवर बसून आलं.

ओसरी म्हणजे आण्णांचं संकेतस्थळ. एकानं विषय काढायचा, दुसऱ्यानं खाली उत्तर लिहायचं. एवढंच. जाहिरात नाही, फोन नंबर मागणं नाही, कुठल्या कंपनीचं काही नाही. आण्णा इथल्याच एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये होते. तिथून मोडीत निघालेलं एक मशीन त्यांनी घरी आणलं, माडीवर पाटावर ठेवलं, आणि त्यातून ही ओसरी जगाला उघडी केली. त्रिशला म्हणत होती तो डबा हाच. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर दमला की आण्णा. कुणी सांगायला गेलं की असं मशीन कंपनीकडं भाड्यानं मिळतं, सांभाळायला लागत नाही, तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या दारात कशाला बसायचं? आपली ओसरी आहे की."

सुरुवातीला तिथं इतकी गर्दी असायची, की आपलं लिहिलेलं खाली कुठं गेलं ते शोधत बसावं लागायचं. पत्रिकेतलं 'वऱ्हाड' छापताना तुटायचं, त्यातला र एकीकडं आणि ह दुसरीकडं, आणि मुलीचा बाप माझ्या दुकानात येऊन बोंब मारायचा. ते मी तिथंच विचारलं, तिथंच शिकले. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. फोनवर ग्रुप निघाले. ज्याला जे विचारायचं ते तो तिथं विचारायला लागला. ओसरीवरून कुणी भांडून उठलं नाही. हळूहळू येईनासे झाले, इतकंच.

त्याच सुमाराला काकू गेल्या. आण्णांच्या मंडळी. महिन्याभरानं एका सकाळी ओसरीवर आण्णांची एकच ओळ दिसली. 'झाडून ठेवली आहे.' दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. तिसऱ्या दिवशीही.

कोरे सरांचा मला फोन आला. हे शाळेत गणित शिकवतात. बोलताना घसा खाकरायची सवय. "ताई, ओसरी बघितली का?"

"बघितली."

"काहीतरी लिहायला पाहिजे हो कुणीतरी."

"लिहा की मग."

"मी एकट्यानं किती लिहिणार?"

त्यातून मंडळ निघालं. आम्ही सात-आठजण, आण्णांना वगळून केलेला फोनवरचा ग्रुप. दर गुरुवारी एकानं ओसरीवर जाऊन एक तरी प्रश्न विचारायचा, बाकीच्यांपैकी कुणीतरी खाली दोन शब्द लिहायचे. कुणाची पाळी कधी ते कोरे सर ठरवायचे. नाव पडलं गुरुवार मंडळ. घरच्यांना वाटायचं दत्ताचं भजन असेल. फक्त इम्तियाजची बायको विचारायची, "भजनी मंडळात तुमचं काय काम हो?" तो म्हणायचा, "टाळ दुरुस्त करतो."

ते मंडळ अजून आहे. हल्ली त्यात बेळगावच्या एसटीच्या वेळाच जास्त असतात.

तर आम्ही प्रश्न विचारायचो. खरे नसायचे. येत असलेलंच विचारायचं, आणि येत नसल्यासारखं विचारायचं, हे वाटतं तितकं सोपं नसतं. कोरे सर दर पाळीला वेबपानावर अपूर्णांक कसा लिहायचा ते विचारायचे; निराळा प्रश्न त्यांना सुचायचाच नाही. आण्णा उत्तर लिहायचे तेही असं, की विचारणाऱ्याला लाज वाटावी. चित्रं काढून, बाण दाखवून, 'इथवर समजलं का, मग पुढं जाऊ' असं मध्ये विचारून. सकाळची ती ओळ मात्र थांबली. आम्हाला तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी मेळ्याच्या महिनाभर आधी एका पहाटे वीज गेली, आण्णा मशीन बघायला माडीवर निघाले आणि जिन्यात घसरले. दूधवाल्यानं हाका मारल्या, आतून उत्तर आलं, "येतोय, येतोय," पण माणूस काही येईना, म्हणून तो आत शिरला. मनगट मोडलं होतं. थोडक्यावर निभावलं. बेळगावहून मुलगी धावत आली, ती ही त्रिशला.

"तेव्हापासून मी सांगतेय, चला माझ्याकडं," पोहे खाता खाता ती मला सांगत होती. "तिथं शाळेतून रजा वाढवून वाढवून घेतली. उद्या हजर व्हायलाच पाहिजे. आणि यांचं एकच, ओसरी कोण बघणार. मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला कोण बघणार? तर म्हणतात, मला काय झालंय! हात गळ्यात, आणि मला काय झालंय!" तिनं बशी खाली ठेवली. "परत पडले तर दूधवाला दर वेळी येईलच असं आहे का?"

मी आपली कोथिंबीर निवडत बसले बशीतली.

"आणि हे काय चाललंय?" तिनं दोरीकडं बोट केलं.

आण्णांनी दोरी बांधून घेतली होती आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे अडकवत होते. आमच्या मेळ्याची ती पद्धत. कार्यक्रम छापलेला नसायचा. पाहुणा नाही, व्यासपीठ नाही. ज्याला जो विषय काढायचा त्यानं तो कागदावर लिहायचा आणि दोरीला चिमट्यानं लावायचा. क्रमानं एकेक कागद घ्यायचा, लावणाऱ्यानं आधी बोलायचं, मग सगळ्यांनी. नियम एकच, आणि तो आण्णांचा. एकदा लावलेला कागद काढायचा नाही. विषय लहान असो, वेडगळ असो, सगळ्यांनी बसून त्याच्यावर बोलायचं.

मी हे तिला कौतुकानं समजावून सांगितलं.

"काहीही लिहिलं तर चालतं?"

"काहीही."

"बाहेरच्या माणसानं?"

"इथं बाहेरचं कुणी नसतं," मी म्हटलं. हे आमचं ठरलेलं वाक्य. मेळ्यात ते दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी म्हणायचं.

ती उठली, टेबलावरचा कागद घेतला, मार्करनं काहीतरी लिहिलं आणि दोरीला नेऊन लावलं. जवळ जाऊन मी वाचलं. एका बाजूला 'जुन्या फोनचं काय करावं', दुसऱ्या बाजूला 'गावाचा नकाशा : राहिलेल्या गल्ल्या', आणि मध्ये, शाळामास्तरणीच्या गोल अक्षरात, 'आमच्या आण्णांना बेळगावला कसं न्यायचं?'

माझ्यामागून इम्तियाज आला. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि हळूच हात वर करून चिमटा दाबला.

"इम्तियाज."

आण्णा मागंच होते. त्यांनी कागद वाचलेला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण आवाज नेहमीचाच.

"दोरीवरचा कागद काढायचा नाही."

"अहो आण्णा, पण हा..."

"नियम आहे. ठेव तो."

त्या कागदाची पाळी जेवणानंतर आली. एरवी त्या वेळेला माणसं पेंगतात. त्या दिवशी सगळे जागे होते. आण्णा पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्रिशला उभी राहिली. वर्गावर बोलायची सवय असलेली बाई, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच कळतं, की ते मशीन माडीवर आहे म्हणून आण्णा इथं आहेत. तुम्ही सगळे यातले जाणकार. त्या मशीनचं काय करायचं ते सांगा, म्हणजे मी यांना घेऊन जाते."

एवढंच बोलून ती बसली.

आता आमच्या लोकांचं काय आहे ते सांगते. त्यांच्यापुढं म्हातारा माणूस, पोरगी, मोडलेला हात असं काही ठेवलं, तर ते चपला शोधायला लागतात. पण त्याच्यात कुठं एक मशीन असलं, की खुर्च्या पुढं सरकतात. सभागृहात एकदम जीव आला. प्रश्न मिळाला होता.

"सर्व्हर भाड्यानं घेऊ," मागून कुणी म्हणालं.

"म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या दारात," आण्णा म्हणाले.

"बरं, मग डबाच उचलून नेऊ," इम्तियाज उठलाच. "ताई, तुमच्याकडं वीज कशी असते?"

"चांगली असते. फारशी जात नाही."

"आणि इंटरनेट?"

"आमच्या मिस्टरांनी गेल्या दिवाळीत नवीन घेतलंय. जाड वायरचं."

"संपलं की मग! माझ्या मेहुण्याची गाडी निपाणीपर्यंत जातेच, पुढं बेळगाव सोडून येईल. गादीत गुंडाळून नेतो. पत्ता तेवढा बदलावा लागेल."

कोरे सर फळ्यापाशी गेले. एका बाजूला चौकोन काढून 'माडी' लिहिलं, दुसऱ्या बाजूला चौकोन काढून 'बेळगाव', आणि मध्ये बाण. बाणाच्या खाली पायऱ्या. आधी नक्कल करून ठेवायची, मग पत्ता वळवायचा, मग डबा हलवायचा. इन्व्हर्टर न्यायचा की तिथं आहे? तिथं आहे. पाट? पाटही न्या म्हणे कुणी, त्याला तो लाभलाय. खूप हसले सगळे. मीसुद्धा बोलले, जुनी चित्रं जपून हलवा म्हणून. आण्णा एकेक शंका काढत होते आणि लोक ती मिटवत होते. अशी मजा मेळ्यात बऱ्याच वर्षांत आली नव्हती. शेवटी कोरे सरांनी घसा खाकरला, बाणाच्या टोकावर खडू आपटला आणि म्हणाले, "एक दिवस बंद राहील ओसरी. फार तर दोन."

"जमतंय की मग," आण्णा म्हणाले.

टाळ्या पडल्या. त्रिशलाचे डोळे भरून आले होते. माझं लक्ष आण्णांच्या डाव्या हाताकडं गेलं. प्लास्टरच्या कडेचा कापूस ते बोटानं उपसत होते, थोडा थोडा, आणि खिशात ठेवत होते.

"पण," ते म्हणाले, आणि टाळ्या थांबल्या. "मशीन गेलं म्हणून झालं नाही. रोज बसावं लागतं त्याच्यापाशी. माणसं येतात. गेल्याच गुरुवारी कोरे सरांना अपूर्णांक अडला होता. त्याआधी पद्मजाचं वऱ्हाड तुटत होतं. इम्तियाजला बॅटरीचं काहीतरी. मी तिकडं गेलो, नातवंडांत रमलो, तर या लोकांनी विचारायचं कुणाला?"

कोरे सर खडू हातात धरून तसेच उभे. इम्तियाज खाली बसला आणि बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला लागला. मंडळातले आम्ही सगळे असे इकडं-तिकडं विखरून बसलो होतो, आणि एकानंही दुसऱ्याकडं बघितलं नाही. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग दिवसभर चालूच होते. ते त्या वेळी पहिल्यांदा ऐकू आले.

त्रिशला वळून आमच्याकडं बघत होती. "तुम्हाला दुसरं कुणीच नाही का हो विचारायला?" तिनं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होती.

मला सकाळचा तिचा दूधवाला आठवला.

"आण्णा," मी म्हटलं. उठून उभी राहिले, कारण बसून ते बोलता येईना. "ओसरीवर कुणी येत नाही. आम्ही पाळी लावून येतो. प्रश्न सगळे खोटे असतात."

आण्णांनी कापूस खिशात ठेवला, खिसा नीट केला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"अगं, मशीन माझ्या माडीवर आहे. कोण आलं, कधी आलं, किती वेळ थांबलं, सगळं उमटतं त्याच्यात. ते कुठं बघायचं हे मीच शिकवलं होतं तुम्हाला. दुसऱ्या मेळ्याला. तू वहीत उतरून घेतलं होतंस."

"आयला," इम्तियाज म्हणाला आणि कपाळाला हात लावला.

"दर गुरुवारी एक येतो. बाकीचे वाचून जातात. कोरे सर विसरले की शुक्रवारी सकाळी इम्तियाज येतो, दुकान उघडायच्या आधी, घाईघाईत. आणि पद्मजा, तुझं वऱ्हाड तू स्वतःच सोडवलेलं होतंस, काकू होत्या तेव्हाच. तुझंच जुनं उत्तर काढून मी तुला परत पाठवलं. तू म्हणालीस, वा आण्णा, हे मला सुचलंच नसतं."

सभागृहात हशा पिकला. कोरे सर तर फळ्याला टेकून हसत होते, खडू पाठीला लागला तरी कळेना. मी लाजून खाली बसले, आणि हसले, आणि डोळे पुसले. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं.

"मग बंद का नाही केलीत?" मी विचारलं.

"तुम्ही इतके पाळ्या लावून, ठरवून येताय. बंद केली असती तर वाईट वाटलं असतं तुम्हाला."

पुन्हा हशा झाला. त्रिशला हसली नाही. ती उठून आण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. आम्ही सगळे ऐकत होतो हे ती विसरली असावी.

"म्हणजे अडचण डब्याची नाही," ती म्हणाली.

"नाही."

"या लोकांचीही नाही. त्यांचं काही अडलेलं नाही."

"नाही, त्यांचं काय अडतंय!"

"मग माझ्याकडं यायला काय होतंय, आण्णा? माझ्या घरात राहायला नको वाटतं का तुम्हाला? तसं असेल तर सांगा. मी परत विचारणार नाही."

"तसं नव्हे, बाळ."

"मग कसं?"

आण्णांनी दोरीकडं बघितलं. तिचा कागद पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. मग त्यांनी आमच्याकडं बघितलं, एकेकाकडं, हजेरी घेतल्यासारखं. नंतर डाव्या हातानं शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं.

"तू सकाळी शाळेत जाणार. जावई कामावर. पोरं शाळेत, तिथून क्लासला. मी तुमच्या घरात चहा करून, पेपर वाचून बसणार. बरोबर?"

तिनं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"इथं गुरुवारी माझ्याकडं माणूस येतं," आण्णा म्हणाले. "खोटं का होईना, काहीतरी विचारतं. बुधवारपासून मी वाट बघतो. बेळगावला माझ्याकडं कोण येणार?"